पुळणीवरची थोटके: आधी मोजणी, मग सफाई

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाला सप्टेंबर महिना चांगलाच ठाऊक असतो. तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन, २४ तारखेला योजनेचा स्थापना दिन आणि बहुतेक वर्षी याच सुमारास गणेश विसर्जनानंतरची सफाई, असे सारे एकापाठोपाठ येते. टोप्या आणि हातमोजे वाटले जातात, फलकामागे उभे राहून छायाचित्र काढले जाते, दोन-तीन तासांत पोती भरतात, ती कचऱ्याच्या गाडीत चढतात आणि विद्यार्थ्यांच्या नावावर वर्षभराच्या १२० तासांपैकी काही तास जमा होतात. या श्रमदानाला मी कमी लेखत नाही. किनारा त्या दिवसापुरता तरी खरोखरच स्वच्छ होतो. पण अलिबागच्या पुळणीवर विद्यार्थ्यांबरोबर काम करताना मला दिसत गेले की या पद्धतीतून एक वस्तू हमखास सुटते. किती पोती भरली यावरच दिवसाचे यश ठरणार असेल, तर हात आपोआप बाटल्या, पिशव्या, शहाळी आणि थर्माकोल यांच्याकडे वळतात. सिगारेटच्या थोटकासाठी वाकावे तेवढेच लागते आणि त्याने पोते काही भरत नाही.

शिवाय ते सहजी दिसतही नाही. अलिबागची वाळू काळसर आणि घट्ट आहे. भिजून तपकिरी पडलेले थोटूक तिच्यात बेमालूम मिसळून जाते. सुरूच्या झाडांखाली तर काम आणखी कठीण होते. तिथे गळलेल्या बारीक काड्यांचा जाड थर साचलेला असतो, थोटके त्या थराच्या आत सरकतात आणि वरून दाताळे फिरवले की काड्या ओढल्या जातात, पण थोटके दातांमधून निसटून जागीच राहतात. सफाई झालेल्या जागेवर गुडघे टेकून तो थर हाताने उसवून पाहिला, की वर काहीच नव्हते तिथे खाली आठवड्याआठवड्याचे थर लागलेले दिसतात: वरचे थोटूक अजून पांढरे, त्याखालचे पिवळट, आणि तळाशी कागद गळून गेलेला, नुसता चुरगळलेल्या तंतूंचा राखाडी बोळा.

ही वस्तू किरकोळ नाही हे जगालाही मोजणीमुळेच कळले. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हारा यांनी पहिली मोहीम भरवली, तेव्हाच त्यांनी स्वयंसेवकांना कचरा नुसता गोळा न करता उचललेल्या प्रत्येक वस्तूची नोंद कागदावर करायला सांगितले होते. पुढे ओशन कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या नेतृत्वाखाली ही मोहीम अनेक देशांत पसरली, आणि तिच्या नोंदींमध्ये तीन दशकांहून अधिक काळ सिगारेटची थोटके पहिल्या क्रमांकावर राहिली. २०१९ च्या मोहिमेचे आकडे जाहीर झाले तेव्हा कुठे खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना प्रथमच मागे टाकले. तरीही त्या वर्षी वेचलेल्या थोटकांची संख्या ४२ लाखांच्या घरात होती. जगभरात दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी थोटके उघड्यावर टाकली जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतका मोठा आकडा वर्गात सांगितला तर मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. एक चौरस मीटर वाळू मात्र त्यांच्या लक्षात राहते.

म्हणून आमच्याकडे आता सफाईच्या आधी मोजणी होते. साहित्य अगदी साधे आहे: सुताची दोरी, चार खुंट्या, वाळू चाळायला लोखंडी जाळीची चाळणी, लांब चिमटे, हातमोजे आणि झाकणाच्या बरण्या. पुळणीवर पाण्यापासून सुरूच्या बनापर्यंत एक आडवी रेघ आखायची, तिच्यावर ठरावीक अंतराने दोरीचे चौकोन टाकायचे आणि प्रत्येक चौकोनातली वरची चार बोटे वाळू चाळून काय निघते ते लिहायचे. दोन विद्यार्थी चाळतात, एक मोजतो, एक लिहितो. दर चौकोनाला कामे बदलतात, कारण लिहिणाऱ्याला आपले काम हलके वाटते आणि चाळणाऱ्याला अवघड.

वेळ निवडण्यासाठी आम्ही भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहतो, पण कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलांना त्याची गरज भासत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब त्यांना घरूनच येतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. सकाळच्या कामाला याहून सोयीची तिथी नाही. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ही मुले पुळणीवर आल्यावर नियोजनाची सूत्रे हातात घेतात, आणि शहरातून आलेली मुले मुकाट्याने त्यांचे ऐकतात. उधाणाची भरती कुठवर चढते, पावसाळ्यात नाल्याचे तोंड कोणत्या बाजूला सरकते, वारा कचरा कुठे नेऊन टाकतो, ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि ती नसेल तर चौकोन कुठे टाकायचे हेच ठरत नाही.

नोंदवहीत पहिल्यापासून दोन रकाने वेगळे ठेवले आहेत: सिगारेटचे थोटूक आणि विडीचे थोटूक. सुरुवातीला मुलांना हा भेद कीस काढल्यासारखा वाटतो. पण विडी म्हणजे तेंदूच्या पानात गुंडाळलेली तंबाखू आणि वर दोऱ्याची गाठ. तिला फिल्टर नसतो, त्यामुळे तिचे थोटूक पावसाळ्यात कुजून जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात ७.७ टक्के प्रौढ विडी ओढतात, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत. म्हणजे देशात विडी जास्त ओढली जाते, पण वाळूत वर्षानुवर्षे टिकून राहते ते सिगारेटचे थोटूक. विडी आरोग्याला कमी घातक आहे असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि हे मला दर वर्षी नव्या तुकडीला बजावून सांगावे लागते. तरीही या दोन रकान्यांमुळे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात येते: होड्या शाकारलेल्या असतात तिथे विडीची थोटके मिळतात, आणि पर्यटक जिथे सूर्यास्त पाहत बसतात तिथे सिगारेटची. किनारा कोण घाण करते या प्रश्नाचे उत्तर एरवी 'इथलेच लोक' असे बिनदिक्कत दिले जाते. नोंदवही त्याला दुजोरा देत नाही.

फिल्टर म्हणजे कापूस, असा समज तर शिक्षकांमध्येही आहे. तो कापूस नव्हे, सेल्युलोज ॲसिटेट नावाचे प्लास्टिक आहे. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजला ॲसिटिलचे गट जोडले की सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी पचवता येत नाही. आधी ते गट सुटावे लागतात, मगच मूळ सेल्युलोजपर्यंत पोहोचता येते, आणि त्याला किनाऱ्यावर अनेक वर्षे लागतात. एका फिल्टरमध्ये असे बारा हजारांहून अधिक तंतू असतात. प्रयोगशाळेत न ओढलेल्या सिगारेटचा फिल्टर सुईने उसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मुलांना ते नागमोडी, चकचकीत, एकसारखे धागे दिसतात आणि कापसाचा समज तिथल्या तिथे संपतो. मग स्वाभाविकच पुढचा प्रश्न येतो: हा फिल्टर बसवला तरी कशासाठी? १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध होऊ लागला, तेव्हा घाबरलेल्या गिऱ्हाइकाला दिलासा देण्यासाठी फिल्टरच्या सिगारेटी जोरात खपवल्या गेल्या. त्यामुळे ओढणाऱ्याचा धोका टळला नाही. समुद्राच्या वाट्याला मात्र एक नवा कचरा आला.

वेचून आणलेली थोटके पाण्यात टाकली की तासाभरात बरणीतले पाणी कोऱ्या चहासारखे होते. त्यात निकोटिन असते, शिसे आणि आर्सेनिकसारखे जड घटक असतात, ज्वलनातून तयार झालेली कर्बी संयुगे असतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की एक लिटर पाण्यात साधारण एक ओढलेले थोटूक एवढ्या प्रमाणाने प्रयोगातले निम्मे मासे चार दिवसांत मरतात. त्यांनी एक खाऱ्या पाण्यातली आणि एक गोड्या पाण्यातली जात तपासली होती. आम्ही मासे वापरत नाही आणि वापरणारही नाही. आमचा प्रयोग मुगावर चालतो. एका बशीत साध्या पाण्यात भिजवलेले मूग, दुसऱ्या बशीत थोटकांच्या पाण्यात भिजवलेले, आणि तिसऱ्या बशीत न ओढलेल्या सिगारेटच्या फिल्टरच्या पाण्यात भिजवलेले. मोड मोजपट्टीने मोजायचे आणि तक्ता करायचा. दुसऱ्या बशीत मोड आखूड येतात आणि मुळांची टोके तपकिरी पडतात, हे मुलांना अपेक्षितच असते. तिसऱ्या बशीकडे मात्र सगळे पुन्हा पुन्हा वळून पाहतात. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मातीत थोटके मिसळल्यावर क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची उगवण २७ टक्क्यांनी आणि कोंबाची उंची २८ टक्क्यांनी घटली होती, आणि न ओढलेल्या फिल्टरचा परिणामही जवळपास तेवढाच आढळला होता. तो अभ्यास मी मुलांना आधी सांगत नाही; त्यांचा तक्ता पूर्ण झाल्यावर सांगते.

एका पालकांनी मला स्पष्ट विचारले होते की दुसऱ्यांनी ओढून टाकलेले आमच्या मुलीने का उचलायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'समाजसेवा' हे उत्तर पुरेसे नाही. मी त्यांना सांगितले की उचलणे ऐच्छिक आहे, मोजणे अभ्यासाचा भाग आहे. थोटकातले निकोटिन ओल्या त्वचेतून शरीरात जाऊ शकते, म्हणून उघड्या हाताने कोणी थोटूक उचलायचे नाही, चिमटा आणि हातमोजे दोन्ही हवेत, काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलाही हात लावायचा नाही, आणि बरण्या कोणाच्याही घरी जाणार नाहीत. शाळकरी मुलांना, विशेषतः प्राथमिकच्या, या कामाला अजिबात जुंपू नये असे माझे ठाम मत आहे. ती मुले लांबून दोरीचा चौकोन धरतील, आकडे लिहितील, नकाशावर ठिपके देतील. तेवढे त्यांच्या वयाला पुरे आहे. ती मुलगी त्या वर्षी नोंदवही सांभाळत होती आणि तिच्याइतक्या नीटस नोंदी त्यानंतर कोणी ठेवलेल्या नाहीत.

आता पुनर्वापराविषयी. या विषयावर व्याख्यान दिले की श्रोत्यांमधून पहिला प्रश्न हमखास 'मग या थोटकांचे तुम्ही करता काय?' हाच येतो, आणि उत्तर ऐकून लोकांची थोडी निराशा होते. पुनर्वापर शक्य आहे, यात वाद नाही. टेरासायकल या कंपनीने २०१२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत थोटके गोळा करण्याची योजना सुरू केली. त्यात उरलेली तंबाखू आणि कागद यांचे खत करतात, फिल्टर वितळवून त्याचे दाणे बनवतात आणि त्यापासून मालवाहतुकीच्या फळ्यांसारख्या औद्योगिक वस्तू तयार होतात. आपल्याकडे नोएडा येथे नमन गुप्ता यांनी सुरू केलेला 'कोड एफर्ट' हा उद्योग कचरावेचकांकडून थोटके विकत घेतो, कागद, तंबाखू आणि तंतू वेगळे करतो, आणि रसायनांनी स्वच्छ केलेले तंतू उशा आणि खेळणी भरण्यासाठी वापरतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात अब्बास मोहाजेरानी यांनी मातीच्या विटांमध्ये एक टक्का थोटके मिसळून भाजण्याचे प्रयोग केले. थोटके स्वतः जळत असल्याने वीट भाजायला लागणारे इंधनही वाचते, असे त्यांना आढळले. ही तिन्ही उदाहरणे मी वर्गात उत्साहाने शिकवते, कारण त्यांत रसायनशास्त्र, उद्योग आणि कल्पकता या तिन्हींचा मेळ आहे.

पण मग मी वजनकाटा पुढे ठेवते. एका कोरड्या थोटकाचे वजन ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते. म्हणजे एक किलो जमवायला पाच हजारांच्या आसपास थोटके वेचावी लागतात. भंगारवाला बाटली का घेतो आणि थोटूक का घेत नाही, हे त्या काट्यावर कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळते: बाटलीला वजन आहे, म्हणून तिला भाव आहे, आणि भाव आहे म्हणूनच ती वेचायला कोणीतरी पहाटे उठते. थोटकाला भाव मिळाला तरी दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडेल, याचा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा. शिवाय किनाऱ्यावरचे थोटूक ओले, खारट आणि वाळूने माखलेले असते. ते आधी सुकवावे लागते, चाळावे लागते, बुरशी येऊ न देता साठवावे लागते आणि मग शेकडो किलोमीटर दूर पाठवावे लागते. ते धुतलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने विचारला आणि मला तो पुनर्वापराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जिथे धुण्याचे पाणी प्रक्रिया करूनच सोडले जाते आणि स्वच्छ केलेल्या तंतूंची तपासणी करून लेखी अहवाल दिला जातो, तिथेच माल पाठवावा.

या कारणाने महाविद्यालयाच्या पातळीवर पुनर्वापराचे प्रयोग करण्याच्या मी विरोधात आहे. समाजमाध्यमांवर थोटकांपासून कुंड्या, शोभेच्या वस्तू, उशा बनवल्याच्या चित्रफिती फिरत असतात आणि दर वर्षी कोणीतरी उत्साही विद्यार्थी तसे करण्याची परवानगी मागतो. प्रयोगशाळेच्या मोरीत थोटके धुणे म्हणजे समुद्रातले विष गावच्या गटारात ओतणे होय, आणि ते गटारही शेवटी समुद्रालाच मिळते. थोटकांचे घरगुती खत करणे त्याहून वाईट, कारण फिल्टर कुजत नाही आणि जड धातू मातीत उतरतात. आम्ही थोटके उन्हात पत्र्यावर सुकवतो, चाळून वाळू तिथेच पुळणीवर टाकतो, झाकणाच्या डब्यांत भरतो आणि पुरेसा साठा झाला की अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवतो. साठवणीची खोली वर्गांपासून दूर हवी. शिळ्या तंबाखूचा वास किती चिवट असतो, हे शिपायांनी मला पहिल्याच महिन्यात ऐकवले आहे.

कायद्याच्या बाबतीत मुलांना सर्वांत जास्त आश्चर्य एका विसंगतीचे वाटते. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सिगारेटच्या पाकिटाभोवतीच्या पातळ पारदर्शक वेष्टनाचा समावेश आहे. पाकिटातल्या प्रत्येक सिगारेटच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकचा मात्र नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार प्लास्टिकयुक्त फिल्टरचा सफाई खर्च उत्पादकांवर टाकला आहे. आपल्याकडे २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सिगारेट आणि विडीच्या थोटकांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करायला सांगितले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या सिगारेट आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ही दुसरी बंदी आरोग्यासाठी होती, पण तिचा थोटकांशी थेट संबंध आहे. पाकीट विकत घेणाऱ्याजवळ विझवलेले थोटूक ठेवायला निदान रिकामी जागा असते. सुटी सिगारेट घेणाऱ्याजवळ खिशाशिवाय काहीच नसते. बंदी असूनही सुटी सिगारेट कशी मिळते, हे पाहायला कोणाला फार लांब जावे लागत नाही.

याच धाग्याने आमची मोजणी टपऱ्यांपर्यंत पोहोचली. सगळ्यांचा अंदाज होता की टपरीच्या पायाशीच सर्वाधिक थोटके सापडतील. नकाशावर ठिपके दिल्यावर दिसले ते वेगळेच. टपरीसमोरची जागा बहुधा स्वच्छ असते, कारण टपरीवाले काका सकाळ-संध्याकाळ आपले अंगण झाडतात. गिऱ्हाईक सिगारेट घेते, टांगलेल्या लायटरवर किंवा धुमसत्या सुंभावर पेटवते आणि चालू लागते. पाच-सहा मिनिटांनी सिगारेट संपते तेव्हा ते कठड्याशी किंवा बाकाशी पोहोचलेले असते. थोटकांचा दाट पट्टा नेमका तिथे आहे. त्यानंतरचा पट्टा सुरूच्या सावलीत, आणि तिसरा भरतीच्या रेघेवर. हा तिसरा पट्टा मात्र किनाऱ्यावर बसणाऱ्यांचा म्हणता येत नाही, कारण त्यातली थोटके पाण्याने फुगलेली आणि कागद निघालेली असतात. रस्त्यावर टाकलेली थोटके गटारांतून आणि नाल्यांतून समुद्रात जातात आणि भरती ती परत आणून टाकते. पुळण रोज झाडली तरी हा पट्टा उरणारच, आणि त्याची सफाई खरे तर गावातल्या नाक्यांवर सुरू व्हायला हवी.

कठड्याजवळ थोटकांसाठी डबे ठेवावेत, ही कल्पना मुलांची. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा, त्यात अर्ध्यापर्यंत वाळू. वाळूमुळे डबा वाऱ्याने कलंडत नाही, थोटूक लगेच विझते आणि नंतर त्याच चाळणीने वेगळे काढता येते. या साध्या कल्पनेला दोन अडचणी होत्या. पहिली कायद्याची: २००८ च्या नियमांनुसार जिथे धूम्रपानास बंदी आहे अशा सार्वजनिक ठिकाणी ॲशट्रे ठेवता येत नाही, आणि मोकळी जागा केव्हा सार्वजनिक ठिकाण मानायची यावरून कायद्याच्या व्याख्येत बराच खल आहे. त्यामुळे लेखी परवानगीशिवाय एकही डबा ठेवायचा नाही, असे मी ठरवून टाकले. दुसरी अडचण टपरीवाल्या काकांनी दाखवली. "डबा तुम्ही ठेवाल पोरांनो, पण रिकामा कोण करणार? दोन दिवसांत त्यात चहाचे कप पडतील," असे ते म्हणाले आणि ते बरोबर होते. डब्याच्या झाकणाला फक्त बोट जाईल एवढीच भोके पाडल्यावर कप पडायचे थांबले. रिकामे करण्याची पाळी विद्यार्थ्यांनी वाटून घेतली आहे. परीक्षेच्या दिवसांत ती कोण सांभाळणार, हा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही.

काहींनी सुचवले की अशा डब्यांसाठी एखाद्या कंपनीकडून मदत घ्यावी. तंबाखूशी संबंध असलेल्या कोणाचाही पैसा या कामाला लागता कामा नये, याबाबत मी तडजोड करणार नाही. अमेरिकेत २००२ पासून थोटकांच्या सफाईचा एक मोठा कार्यक्रम सिगारेट कंपनीच्या पैशावर चालवला गेला. त्यातून जबाबदारी फेकणाऱ्याची आहे एवढेच लोकांच्या मनावर ठसते आणि फिल्टर बनवणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. शिवाय आपल्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अशा प्रायोजकत्वाला मनाई केलेली आहे. दोऱ्या, चाळण्या आणि जुने डबे यांना पैसे लागतात तरी किती?

ज्या शिक्षकांना आपल्या किनाऱ्यावर असे काम सुरू करायचे आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे की चौकोनांच्या जागा कायम ठेवा. दर वेळी नवीन ठिकाणी मोजले तर आकडे जमतात, पण तुलना होत नाही. आम्ही आता डबे ठेवण्यापूर्वीची मोजणी आणि नंतरची मोजणी त्याच जागी, त्याच तिथीला आणि आठवड्याच्या त्याच वारी करण्याचा प्रयत्न करतो. तिथी आणि वार दोन्ही जुळून येणे दुर्मीळ असते, म्हणून वाराला प्राधान्य द्यायचे ठरले, कारण रविवारची गर्दी आणि मंगळवारची गर्दी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या चार महिन्यांत समुद्र इतके काही आणून टाकतो आणि इतके काही परत नेतो की त्यांची बाकीच्या वर्षाशी सांगड घालणे चुकीचे ठरेल.

डब्यांमुळे कठड्याजवळचा पट्टा विरळ झाला का, हे या हिवाळ्यातल्या नोंदींवरून कळेल. फरक दिसला नाही तर तेही अहवालात जसेच्या तसे लिहायचे, असे विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. डबे मग कठड्यावरून हलवून सुरूच्या बनात न्यायचे, की गावातल्या नाक्यावरच्या गटाराच्या तोंडाशी ठेवायचे, यावर त्यांच्यात सध्या दोन तट पडलेले आहेत. कोळीवाड्यातली मुले नाक्याच्या बाजूने आहेत.